राजीनामा आणि कबुलायत

दसऱ्यानंतरच्या रविवारी माझा भाचा आमच्याकडे जेवायला आला होता. चकाल्याच्या बाजूला एका कचेरीत तो नोकरीला आहे. जेवणे आटोपली, बडीशेपेची वाटी फिरली, आणि तो जरा घुटमळत मला म्हणाला, "मामा, एक पत्र लिहून द्याल का?"

आमच्या गोतावळ्यात पत्रे लिहून देण्याचे खाते माझ्याकडे आहे. माझ्या दोन-चार कादंबऱ्या छापून आल्यापासून नातेवाइकांची अशी समजूत झाली आहे की, पाणी येत नसल्याची तक्रार, सांगून आलेल्या स्थळाला नकार, दूरच्या काकांच्या निधनानंतरचे सांत्वन, हे सगळे मी इतरांपेक्षा बरे लिहितो. शिक्षण मॅट्रिकपुरतेच झालेल्या मास्तराला एवढा मान पुष्कळ झाला. मी विचारले, "कसले पत्र?"

"राजीनाम्याचे. पण साधे नको. वाचून साहेबाला रात्रभर झोप लागता कामा नये!"

त्याचा बेत पक्का होता. धनत्रयोदशीच्या आधी बोनस खात्यात जमा होणार. त्याच रात्री पत्र धाडायचे आणि दिवाळीनंतर त्या इमारतीची पायरी चढायची नाही. नोटिशीच्या महिन्याचे पैसे त्यांना कापायचे तर खुशाल कापू देत. त्याच्या तक्रारी ऐकल्या. त्या खोट्या नव्हत्या. तीन वर्षे राबल्यावर बढती दुसऱ्याला मिळाली होती. बहिणीच्या साखरपुड्याला रजा नाकारली होती. चारचौघांत अपमान झाला होता.

"आणि तुझे काम कोण करणार?" मी विचारले.

"ते त्यांनी बघावे. नोकरी सोडली म्हणजे सोडली!"

हे वाक्य ऐकले आणि मी गप्प झालो. कारण वीस वर्षांपूर्वी अगदी हेच वाक्य मी उच्चारले होते, आणि त्याची किंमत काय झाली ते मी घरात कोणालाही सांगितलेले नव्हते. ती हकीकत पुढे येईलच. पण तिच्याआधी प्रश्न नीट मांडलेला बरा.

नोकरी सोडताना माणसाने सभ्यपणे सोडावी, हे कोणीही मान्य करील. पण सभ्यपणे म्हणजे कसे? दोन गोड ओळी लिहायच्या, 'येथे पुष्कळ शिकायला मिळाले' म्हणायचे, शाल-नारळ घ्यायचा, सामोसे खायचे आणि हात जोडून बाहेर पडायचे, एवढाच जर तो सभ्यपणा असेल, तर ती केवळ रीत झाली. तिच्यात नीतीचा काही अंश आहे असे मला वाटत नाही. उलट, मनात जाळ असताना ओठांवर साखर ठेवणे हे एक लहानसे असत्यच नव्हे काय? बरे, जाता जाता खरे बोलावे, तर लोक म्हणतात, "इतकी वर्षे अन्न खाल्ले आणि आता नावे ठेवतो!" म्हणजे गोड बोलावे तर ढोंगी, खरे बोलावे तर कृतघ्न. या कोंडीतून वाट काढायची तर आधी एक गोष्ट ठरवावी लागेल. नोकरी सोडताना आपण नेमके कोणाचे काय देणे लागतो?

'राजीनामा' या शब्दाकडेच पाहा. शब्द फारसीतून आलेला. राजी म्हणजे खुशी, संमती. नामा म्हणजे लेख. आपण मात्र बहुधा नाराजीच्या कागदाला हे नाव देतो. पण हा शब्द आमच्या शेतकऱ्याने कचेरीतल्या कारकुनाच्या पुष्कळ आधी वापरलेला आहे. मुंबई इलाख्याच्या रयतवारीत जमीन सोडणारा खातेदार सरकारला राजीनामा लिहून देई, आणि ती जमीन घेणारा कबुलायत लिहून देई. 'मी सोडतो' हा एक कागद आणि 'मी पत्करतो' हा दुसरा. सोडणारा निघून गेला तरी जमीन तेथेच असते, तिचा सारा चुकत नाही. म्हणून 'मी सोडतो' या शब्दापाठोपाठ 'मी पत्करतो' हा शब्द यावा लागतो. आज आपण राजीनामा तेवढा लक्षात ठेवला आणि कबुलायत विसरलो. नोकरी सोडण्याच्या नीतीचे सारे मर्म मला या दुसऱ्या, विसरलेल्या कागदात दिसते.

माझे घर अंधेरीला पश्चिमेकडे आणि शाळा पूर्वेकडे. त्यामुळे रोज मला गोखले पूल ओलांडावा लागतो. या पुलाने अंधेरीकरांना फार छळले. जुलै 2018 मध्ये त्याचा एक भाग रुळांवर कोसळला, नोव्हेंबर 2022 मध्ये तो वाहतुकीला बंद झाला, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली तर ती शेजारच्या बर्फीवाला पुलाशी जुळेचना! दोन पुलांत माणूसभर उंचीची तफावत. ते टोक उचलून सांधायला आणखी काही महिने गेले, आणि पूल दोन्ही बाजूंनी पुरता सुरू व्हायला मे 2025 उजाडला. रखडलेल्या बसमध्ये बसून मी पुष्कळदा मनाशी म्हणत असे, आपले काम पुढच्या कामाशी जुळवून न दिल्याचा पुरावा पाहायला दुसरीकडे जायला नको. आणि तो ज्यांच्या नावाने उभा, ते गोपाळ कृष्ण गोखले काम सोडण्याच्या बाबतीत किती नेटके होते!

ती गोष्ट पुण्याची. 1880 च्या जानेवारीत चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, पाठोपाठ आगरकर येऊन मिळाले. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. संस्थेच्या आजीव सभासदांनी पंच्याहत्तर रुपये पगारावर वीस वर्षे शिकवायचे, असा नेम होता. एकाच ध्येयाने एकत्र आलेली ही माणसे, पण त्यांनाही एकमेकांना सोडून जावे लागले. 1887 मध्ये समाजसुधारणेच्या वादावरून आगरकरांनी 'केसरी'चे संपादकपद सोडले आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. 1890 च्या अखेरीस टिळकांनी सोसायटीच सोडली. त्यांचे म्हणणे असे की, आजीव सभासदाने आपली सारी शक्ती संस्थेलाच द्यावी, बाहेरची कामे पत्करू नयेत. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा हा वाद विकोपाला गेला. टिळकांनी संस्थेला दीर्घ पत्र लिहिले. त्यात त्यांनी सगळा इतिहास मांडला, मतभेद मांडले, कोणते तत्त्व सुटले असे आपल्याला वाटते ते मांडले, आणि चौतिसाव्या वर्षी, ज्या कामाला आयुष्य वाहायचे ठरवले होते त्या कामातून ते बाहेर पडले. चरितार्थासाठी पुढे त्यांनी कायद्याचा वर्ग चालविला.

ज्यांच्यावरून वाद पेटला ते गोखले तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे होते. ते तेथेच राहिले. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय पुढे येईल तो त्यांनी शिकविला. सुट्टीत दारोदार हिंडून संस्थेसाठी पैसा गोळा केला. करार संपत आला तेव्हा, 1902 च्या सप्टेंबरात, विद्यार्थ्यांसमोर उभे राहून त्यांनी निरोप घेतला. त्या भाषणात त्यांनी समुद्राकाठी राहणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगितली. घर, शेत, प्रेमाची माणसे, सारे असून त्याला समुद्राची ओढ आवरत नाही, अशी ती गोष्ट आहे. आपणही सुखरूप बंदर सोडून वादळी पाण्यात निघालो आहोत, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. 'तुमच्यासाठी जातो' असा आव आणला नाही, की 'तुम्ही मला जायला लावले' असा दोषही दिला नाही.

या दोघांपैकी सभ्य कोण? लहानपणी मी बेधडक गोखल्यांचे नाव घेतले असते. आता तसे म्हणवत नाही. टिळकांच्या पत्राने कोणाची झोप उडाली असेल, नसेल. पण ते झोप उडविण्यासाठी लिहिलेले नव्हते. ज्यांच्याशी वाद होता त्यांनाच, स्वतःच्या सहीने, कारणे देऊन ते लिहिलेले होते. आणि गोखल्यांचा निरोप गोड होता तो शब्दांमुळे नव्हे. जे काम अंगावर घेतले होते ते त्यांनी पुरे करून दिले होते, म्हणून तो गोड झाला. एकाने मागे राहणाऱ्यांना सत्य दिले, दुसऱ्याने सिद्धीस नेलेले काम दिले. दोघेही रिकाम्या हाताने उठून गेले नाहीत.

पुढे दिल्लीतही महाराष्ट्राने असे निरोप पाहिले. डॉ. आंबेडकरांनी 1951 च्या सप्टेंबरात कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाचा घोळ हे त्यातले एक मोठे कारण. ऑक्टोबरमध्ये ते सभागृहात निवेदन करण्यास गेले, तेव्हा त्याची प्रत आधी द्या असे त्यांना सांगण्यात आले. ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांना दिले. चिंतामणराव देशमुखांनी 1956 च्या जुलैमध्ये, मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयावरून, अर्थमंत्रिपद सोडले आणि आपली कारणे लोकसभेत उभे राहून सांगितली. ही माणसे मोठी, त्यांची पदेही मोठी. पण धडा आपल्या मापाचा आहे. जे सांगायचे ते योग्य ठिकाणी, आपल्या नावाने सांगावे. अंधारातून दगड मारून पळून जाऊ नये.

आता माझी हकीकत.

मास्तर होण्यापूर्वी मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा कारखान्यात कारकून होतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. हजेरीपट आणि ओव्हरटाइमचे तास लिहिणे हे माझे काम. कामगारांचे तास मी महिनाभर खिशातल्या डायरीत टिपून ठेवी आणि महिनाअखेरीला मोठ्या वहीत उतरवी. एका महिन्यात आई रुग्णालयात होती, तीन दिवस मी गेलो नाही. मालकाने तीन दिवसांचा पगार तर कापलाच, वर आईच्या आजारपणाबद्दल एक वाकडा शब्द काढला. महिन्याची तीस तारीख होती. मी दोन ओळी खरडल्या, कागद त्याच्या टेबलावर आपटला आणि निघालो. जिना उतरताना कोणीतरी मागून विचारले, "वहीचं काय?" मी म्हणालो, "ते त्यांनी बघावे. नोकरी सोडली म्हणजे सोडली!"

मरोळपासून अंधेरी स्टेशनपर्यंत मी चालत आलो. त्या दिवशी माझ्याएवढा ताठ मानेचा माणूस त्या रस्त्यावर दुसरा नसेल. घरी आल्यावर सदरा काढताना खिशातून डायरी निघाली. परत नेऊन द्यावी असे मनात आले नाही असे नाही. पण परत जायचे म्हणजे त्या माणसासमोर पुन्हा उभे राहायचे! मी ती माळ्यावर टाकली आणि मनाला समजावले की, होऊ दे त्याची थोडी अडचण.

पाच महिन्यांनी स्टेशनच्या पुलावर त्याच कारखान्यातला लेथवर काम करणारा एक कामगार भेटला. माझ्याहून बराच वडील. त्याने मला चहाला नेले. बोलता बोलता कळले की, त्या महिन्यात कोणालाच ओव्हरटाइम मिळाला नाही. मालक म्हणाला, नोंद दाखवा आणि पैसे घ्या. नोंद माझ्या माळ्यावर होती. त्या गृहस्थाने मुलीच्या शाळाप्रवेशासाठी त्या महिन्यात रात्री जागवून काम केले होते. तो रागावला नाही. बशीतला चहा संपवून एवढेच म्हणाला, "तुम्ही गेलात ते बरोबर केलंत, भाऊ. पण आमचे तास कशाला नेलेत?"

मालकाला धडा शिकवायला मी निघालो होतो. मालकाचे तर त्या महिन्याचे पैसे वाचले! माझा दगड त्याच्या अंगावरून गेला आणि मागे उभ्या असलेल्या माणसांना लागला. दुसऱ्या दिवशी डायरी घेऊन मी कारखान्यात गेलो. मालकाने बसायलाही सांगितले नाही. डायरी चाळली आणि काहीशा नाखुशीने हिशेब करून पैसे देऊ केले. पण तिघे जण तोवर काम सोडून आपापल्या गावी गेले होते. त्यांचा ठावठिकाणा कोणाला माहीत नव्हता. त्यांचे तास माझ्याकडेच राहिले. आजही आहेत.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट कळून चुकली. आपले भांडण मालकाशी असते, पण आपले देणे कामाशी असते. आणि काम म्हणजे काही हवेत तरंगणारी वस्तू नव्हे. शेजारच्या टेबलावरचा माणूस, खिडकीशी उभे असलेले गिऱ्हाईक, आपल्यानंतर त्या खुर्चीवर बसणारा अनोळखी तरुण, यांचेच नाव काम. मालकाने आपल्याला वाईट वागविले म्हणून यांचे देणे बुडविण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

मास्तर झाल्यावर तर हे रोजच दिसते. खाजगी शाळांतील शिक्षकांसाठी 1977 चा कायदा आहे आणि त्याखाली 1981 चे नियम आहेत. कायम शिक्षकाने राजीनाम्यापूर्वी तीन महिन्यांची नोटीस द्यावी. ती सुट्टीत देऊ नये आणि पहिल्या सत्राच्या पहिल्या महिन्यातही देऊ नये. राजीनाम्याच्या दोन प्रती करून दोन्हींवर सही आणि तारीख घालावी, एक रजिस्टर टपालाने धाडावी, एक आपल्याजवळ ठेवावी. प्रथम वाचले तेव्हा मला हे नियम जाचक वाटले होते. नंतर त्यातला विवेक ध्यानात आला. दोन प्रतींची अट मास्तराला जपते. त्याच्याकडून कोणी जबरीने कागद लिहून घेऊ नये. तीन महिन्यांची अट मुलांना जपते. सहावीच्या वर्गात अपूर्णांक अर्धे शिकवून मास्तर निघून गेला, तर संस्थाचालकांचे काही बिघडत नाही. त्या मुलांना मात्र अपूर्णांकांचे भय जन्मभर पुरते.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर हा उपदेश धन्याच्या सोयीचा होईल. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाई एके दिवशी न सांगता यायच्या बंद झाल्या की, आपण किती बोलतो! पण त्यांना काढताना आपण महिनाभर आधी सांगतो का? बहुतेक घरांत उद्यापासून येऊ नका म्हटले की झाले. ज्याला नोटीस मिळत नाही त्याच्याकडून नोटिशीची अपेक्षा करणे हा उद्दामपणा आहे. आणि ज्याचा छळ होतो, ज्याच्या जिवाला किंवा अब्रूला धोका आहे, त्याने पळत सुटावे. पेटलेल्या घरातून बाहेर पडणाऱ्याने दार ओढून घेतले नाही म्हणून कोणी रागावत नाही. गिरणगावातल्या माणसांची तर गोष्टच निराळी. 18 जानेवारी 1982 ला जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यांतल्या कितीतरी जणांनी नोकरी सोडलीच नाही, नोकरीनेच त्यांना सोडले. त्यांना निरोपाचा नारळ कोणी दिला? नीटपणे सोडता येणे हेही एक भाग्य आहे. ते ज्याला लाभले त्याने ते वाया घालवू नये, एवढेच माझे म्हणणे.

त्या रविवारी मी भाच्याला ही सारी हकीकत सांगितली. माझी पत्नीही ती प्रथमच ऐकत होती. तिने हातातले काम बाजूला ठेवले. भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, तुमचे पटते. मी महिनाभर थांबेन, सगळे लिहून देईन. पण माझ्या जागी जो येईल, त्यालाही तो साहेब असाच वागवणार. त्याला कुठली फाइल कुठे आहे तेवढेच सांगून मी जाऊ? हेही एक असत्यच नाही का?"

माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते. मास्तराला विद्यार्थ्याने अडवावे तसे झाले. थोड्या वेळाने मी म्हणालो, "मग तेही लिही. पण आज लिही, त्या खुर्चीवर बसलेला असताना लिही. साहेबाच्या वरच्या माणसाला लिही. केव्हा काय झाले ते तारखेनिशी लिही आणि खाली सही कर. झोप उडविण्यासाठी नको, पुढच्याला नीट बसता यावे म्हणून लिही. मग ते पत्रसुद्धा तू मागे ठेवलेल्या कामाचाच भाग होईल."

बोलता बोलता मला टिळकांच्या त्या लांबलचक पत्राचा अर्थ नव्याने लागला. सत्य हेही सोपवून देण्याची वस्तू आहे. कपाटाच्या किल्ल्या दिल्या आणि तळघरात पाणी शिरते हे सांगितले नाही, तर किल्ल्या दिल्या असे कसे म्हणावे? फक्त ते घेणाऱ्याच्या उपयोगासाठी सांगावे, आपली आग विझविण्यासाठी नव्हे. दोन्ही पत्रांतले शब्द कदाचित तेच असतील. हेतू निराळा असला की पत्र निराळे होते.

"मग लिहून देता ना?" त्याने विचारले.

"नाही," मी म्हणालो, "हे तुझे तूच लिही. मी शुद्धलेखन तपासून देईन."

तो हसला. मामीच्या पाया पडला, पिशवी घेतली आणि निघाला. जिन्याच्या वळणापर्यंत गेला आणि परत वर आला. मला वाटले, छत्री विसरला असेल. दारातच उभा राहून त्याने विचारले, "मामा, ते तिघे... त्यांचे पुढे काय झाले?"

मला सांगता आले नाही.